पेंटरमामांच्या भिंती

पेंटरमामांच्या स्कूटरवर मागे बसायचं म्हणजे जिवावर उदार होऊनच बसायचं. गाडी ते हळू चालवत, वळताना हात दाखवत, हॉर्न देत, त्याबद्दल तक्रारीला जागा नव्हती. पण नेरळ ते खोपोली या पट्ट्यात काही ठरावीक भिंती होत्या. त्यातली एखादी आली की मामा सरळ मान फिरवायचे. भिंत डाव्या हाताला असली की उजवीकडे बघायचे, उजव्या हाताला असली की डावीकडे, आणि तेवढा वेळ समोरचा रस्ता देवाच्या भरवशावर. "मामा, टेंपो!" असं मी कितीदा किंचाळले असेन. ते दचकून ब्रेक मारत, टेंपोवाला त्यांच्या खानदानाचा उद्धार करून निघून जाई, आणि मामा काही झालंच नाही अशा आवाजात म्हणत, "बघितला मी. वरडतेस काय गं?"

त्या भिंतींवर काही भयंकर नव्हतं. ऊनपावसानं विटलेल्या लाल-निळ्या रंगात 'प्लॉट विकणे आहे' असं लिहिलेलं असे आणि खाली एक बाण. अक्षर मामांचं होतं.

फ्लेक्स यायच्या आधी आमच्या भागात रस्त्याकडेच्या भिंतींवर जे जे लिहिलेलं दिसे ते बहुतेक मामांच्या हातचं. आधी खतं, सिमेंट, बिड्या, दंतमंजन. पुढे पुढे नुसते प्लॉट. दलाल रंगाचे डबे आणून देई, घरमालकाला भिंतीची तेवढी बाजू फुकटात चुना मारून मिळे, आणि मामा शिडीवर चढत. मुंबईची माणसं गाडीतून जाता जाता वाचतील असं ठसठशीत अक्षर. मग फ्लेक्स आला आणि मामांच्या हाती शाळांचे सुविचार आणि सरकारी कचेऱ्यांच्या पाट्या तेवढ्या उरल्या. "अख्खा तालुका मी लिवून विकला," ते म्हणत. हसत म्हणत, म्हणून सुरुवातीला आम्हीही हसायचो.

आम्ही म्हणजे मी, विक्या आणि कधी येणारी, कधी गायब होणारी आणखी चार टाळकी. आम्ही भिंती खराब करणारी मुलं होतो. खोपोलीत कारखान्यांच्या मागच्या बाजूच्या लांबच लांब भिंतींवर आम्ही स्प्रेनं आपापली नावं मारायचो. खरी नाही, घेतलेली. माझं नाव होतं 'वादळ'. का लिहायचे, असं कुणी विचारलं तर तेव्हा उत्तर देता आलं नसतं. अकरावीत नापास झाले होते, घरात वडील माझ्याशी बोलत नव्हते, आणि क्लासला म्हणून निघाल्यावर वाटेत आपलंच नाव हातभर मोठं दिसलं की जरा बरं वाटायचं. आज वाटतं, आमच्यात आणि मामांच्या दलालात फरक एवढाच की आम्हाला काही विकायचं नव्हतं.

पकडले गेलो खालापूरला, एका नव्या कोऱ्या कंपाउंडवर. पोलीस ठाण्यात आमचे आईबाप येईपर्यंत आम्हाला बाकावर बसवून ठेवलं होतं आणि दारावरच्या पाटीवर एक म्हातारा शिडीवर चढून रंग देत होता. साहेब मोबाइलवर आमच्या पराक्रमाचे फोटो हवालदाराला दाखवत होते. म्हातारा शिडीवरूनच वाकला. "बघू सायेब." बराच वेळ बघून म्हणाला, "हे वादळ कुनाचं?" मी शाळेत करतात तसा हात वर केला. "सुरुवात झकास हाय. शेवटचं अक्षर बघा सायेब, जीव मुठीत धरून पळत आलंय. सावकाश काढू दिलं तर पोरगी काम करील." मग ब्रश डब्यात टाकून तो खाली उतरला आणि साहेबांना म्हणाला, "ह्यांना माझ्याकडं द्या. तुमच्या कंपाउंडपासनं सुरुवात करतो. बिघडलं तर मला आत घाला." साहेबांनाही आमचं काय करावं हा प्रश्नच होता. त्या दिवसापासून मी मामांची 'वादळबाई' झाले.

पहिला आठवडा आम्हाला ब्रशला हात लावू दिला नाही. पत्र्यानं भिंत खरवडायची, पाण्यानं धुवायची, पुन्हा खरवडायची. मामा बोटांच्या पेरांनी भिंत ठोकत ठोकत चालत, डॉक्टर छाती ठोकतो तशी. पोकळ आवाज आला की थांबत. "हितं प्लास्टर सुटलंय. ह्याच्यावर तू राजवाडा काढ, पावसाळ्यात तो खाली बसनार." विक्या कुरकुरला की, हे तर गवंड्याचं काम आहे, तर म्हणाले, "मंग गवंडी हो. पोट भरशील. नुसत्या वादळानं कुनाचं भरलंय?" पुढे एक संस्था पाठीशी उभी राहिली, रंग मिळू लागला, आणि गावोगाव शाळा, समाजमंदिरं, पाण्याच्या टाक्या रंगवायची कामं येऊ लागली. भिंत मोजायची कशी, रंग किती लागेल, परांची कशी बांधायची, हे सगळं आम्ही उन्हात उभं राहून शिकलो.

बोलायला शिकवायचे ते मात्र सावलीत. मामा स्वतः सरपंच व्हायचे. डोक्याला पंचा गुंडाळून, पाय पसरून खुर्चीत बसायचे आणि आम्ही एकेकानं आत येऊन काम मागायचं. मामांचा सरपंच फार खडूस होता. "आमाला नको रंगबिंग, भिंत हाय तशी बरी हाय," म्हणून तो तोंड फिरवी. एकदा विक्या इतका चिडला की, "ठेवा मग तुमची भिंत उरावर," असं बोलून बाहेर गेला. मामांनी पंचा काढला आणि म्हणाले, "गेलं बघ काम. बरं बोलला, पन काम गेलं." गिऱ्हाइकाला उलट बोलायचं नाही, वेळेला पोचायचं, चप्पल उंबऱ्याबाहेर काढायची, निघताना सांडलेला रंग आपण पुसायचा. मी आज चार ठिकाणी कामं करते ती या खडूस सरपंचाच्या जिवावर. विक्या शाळांच्या बोलक्या भिंती रंगवायची कंत्राटं घेतो, आणि आता त्यालाच कुणी उलट बोललेलं खपत नाही.

गावात गेलं की लोक सांगत, वाघ काढा, गणपती काढा, महाराज काढा. मामा हो हो म्हणत, चहा घेत, आणि हळूच विचारत, "हितं आधी काय होतं?" समोर बंगल्यांची रांग असायची, निळ्या पाण्याचे तलाव असायचे, कुंपणावर विलायती फुलं असायची. मग एखादी म्हातारी सांगायला लागे. आमच्याकडं भाताच्या प्रत्येक तुकड्याला नाव असतं. पाटाखालचं, चिंचेचं, वडाचं, म्हातारीचं. जमीन विकली गेली तरी बोलण्यातलं नाव जात नाही. लोक अजून म्हणतात, वडाच्यातल्या बंगल्यावर लग्न आहे. मामा ती नावं विचारून घेत आणि गावाच्या भिंतीवर गावाची शेतं काढत, वरून पाखराला दिसावीत तशी, प्रत्येकाचं नाव घालून. वाघ हवाच असेल तर कोपऱ्यात एक छोटा वाघ देत.

या सगळ्याच्या मागे काय आहे ते मला हिराकाकींच्या दारात कळलं. पोशीरच्या अलीकडे एका गावात रस्त्याला लागून त्यांचं घर. रस्त्याकडच्या भिंतीवर मामांचं जुनं 'प्लॉट विकणे आहे', अजून वाचता येईल असं. हीच भिंत मामांना सगळ्यात जास्त चुकवावी लागे. त्या दिवशी ते स्कूटर लांब वडापाशी लावून म्हणाले, "तू जा आत. इचार, ती भिंत पुसून शेतं काढून देऊ का. फुकट."

हिराकाकी अंगणात तांदूळ निवडत होत्या. माझं ऐकून त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "पुसायची? का म्हनून? ती अक्षरं काढताना आमच्या मालकांनी शिडी धरली होती. दिवसभर उन्हात उभे. जेवायला हाक मारली तर म्हनले, थांब, अजून बाण राहिलाय." मालक जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. "त्यांचा फोटो बी धड नाय घरात. ऱ्हाऊ दे ती भिंत. मागची घ्या हवी तर, गावाकडची."

हे जाऊन सांगितल्यावर मामा वडाखाली खालीच बसले. "शिडी धरली होती, हे खरं हाय," ते म्हणाले. "खालनं एकेक अक्षर वाचत होता. मंग इचारलं, भाऊ, खरंच घेतात का रं लोक? आमची भाताची जमीन. मी वरनं म्हनलो, इकून टाक की दादा, पोराला टेंपो घे, राजासारखा बस. गमतीनं म्हनलो गं. वरनं बोललेलं खाली कसं पोचतं ते आपल्याला कळत नाय."

जमीन विकली गेली. टेंपो आला, पोरगा टेंपो घेऊन पनवेलकडे गेला तो तिकडेच राहिला. आणि हिराकाकींचे मालक त्याच जमिनीवरच्या बंगल्याच्या फाटकावर वॉचमन म्हणून लागले. "ड्रेस घालून बसायचा," मामा म्हणाले. "सायबाची गाडी आली की उठून गेट उघडायचा. मी एकदा तिथनं गेलो तर मला सलाम केलान त्यानं. हसत. त्या दिवसापासनं ह्या रस्त्याला माझी मान वर नाय राहत."

मी म्हणाले, "मामा, तुम्ही नसतं लिहिलं तर दुसऱ्या कुणी लिहिलं असतं."

"लिवलेलं सोड. ते मी दलालाच्या डोक्यावर टाकीन. बोललेलं कुनाच्या डोक्यावर टाकू?"

मागच्या भिंतीचं काम आम्ही घेतलं. मामांनी तिच्यात जेवढा जीव ओतला तेवढा कुठे ओतलेला मी पाहिला नाही. हिराकाकींचं विकलेलं 'वडाचं', शेजारी त्यांच्या धाकट्या दिराचं, बाळूकाकांचं, अजून न विकलेलं 'म्हातारीचं', मधे बांध. मामांनी बांधसुद्धा नुसती रेघ ओढून सोडला नाही, त्यावर गवत काढलं, तुरीची झाडं काढली. आणि इथेच घोडचूक झाली. आमच्या भागात माणसाचा चेहरा चुकीचा काढला तर लोक हसून सोडून देतात. बांध चुकीचा काढून चालत नाही.

दुसऱ्या दिवशी बाळूकाका भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभे. "बांध हितं नाय. त्या उंबराला लागून होता. मोजनीच्या वेळी दादानं हातभर आत दाखवला, म्हनून त्या सायबाचं कंपाउंड माझ्या जमिनीत बसलंय. आन आता तुमी ते भिंतीवर पक्कं करून देता?"

हिराकाकी आतून आल्या. "भावोजी, मेलेल्या मानसाला चोर म्हनता? बांध हाय तितंच होता. माझ्या सासूनं दाखवलेला हाय मला."

ज्या जमिनीत आता पाय टाकायचा तर फाटकावर नाव सांगावं लागतं, तिच्या हातभर तुकड्यासाठी ती दोघं अशी भांडली की गाव गोळा झालं. बाळूकाकांनी शेणाचा गोळा उचलून बांधावर फासला. हिराकाकी रडू लागल्या. मामा ब्रश हातात धरून उभे होते, आणि त्यांचा चेहरा मला बघवेना. "आधी लिवून जमीन घालवली," ते पुटपुटले, "आता काढून भांडान लावलं."

शेवटी त्यांनी शेण धुऊन काढलं आणि बांधाच्या जागी बगळे बसवले. पांढरे शुभ्र, एकाला एक लागून, अशी दाट रांग की बांध नेमका कुठून गेलाय ते कुणाच्या बापाला सांगता येऊ नये. बाळूकाकांनी उंबराच्या बाजूनं बघितलं, हिराकाकींनी वडाच्या बाजूनं बघितलं, आणि दोघंही आपापल्या मनाशी समाधानी झाली. गाव हसलं. मामा हसले नाहीत.

निघताना मात्र त्यांनी धीर केला. हिराकाकींपुढे हात जोडून शिडीवरचं ते बोलणं त्यांनी सांगून टाकलं. काकींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पेंटरभाऊ, तुमी बोलला म्हनून कोनी इकली नाय. हे मला रोज इचारायचे, इकू का, इकू का. मीच म्हनले, इका. मला बी लावनीचा कंटाळा आला होता. चिखलात वाकून वाकून कंबर गेली होती माझी. तुमी कशाला उगाच जीव जाळता?"

मला वाटलं, सुटले मामा. स्कूटरवर बसल्यावर मी तसं म्हणालेही. त्यांनी किक मारली. मग म्हणाले, "ती मोठ्या मनाची हाय. म्हनून मी सुटलो, असं नाय होत गं." मला तेव्हा त्यांचा राग आला होता. माणूस माफ करतंय तर घ्यावं की गुपचूप, असं वाटलं. हा नुसता हट्ट आहे, असंही वाटलं.

त्यानंतर मामांचा दमा वाढला. शिडी बंद झाली, मग स्कूटर बंद झाली. मी एका इंटिरियरवाल्याकडे लागले होते, बंगल्यांच्या भिंती रंगवून द्यायचं काम. मामांच्या तालमीत तयार झालेला हात, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. आणि एक दिवस पत्ता आला तो वडाच्यातल्या बंगल्याचा. कंपाउंडच्या आतल्या बाजूला मालकांना निसर्ग हवा होता. मी नाही म्हणणार होते. नाही म्हणायच्या आधी मामांकडे गेले.

उशांना टेकून बसले होते. ऐकून म्हणाले, "ओल बघ आधी. खाचराची जागा हाय ती, भिंत खालनं पानी वढनार." मग मी अजून तशीच बसलेय हे बघून म्हणाले, "काय झालं?"

"नको वाटतंय मामा. तिथं जाऊन पैसे घ्यायचे…"

"वाईट वाटतंय?"

"हो."

"वाटू दे. वाईट वाटू दे, पन जा. वाटायचं बंद झालं की मंग नको जाऊस." एवढं बोलून त्यांना धाप लागली. मी पाठ चोळत राहिले. माझ्या हाताला त्यांच्या बरगड्या लागत होत्या. दिवाळीनंतर मामा गेले. त्यांच्या दशक्रियेला मी बंगल्यावरून सुट्टी काढून गेले, आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच कामाला उभी राहिले. पोटाला हे कळतं, मनाला समजावता येत नाही.

काम संपत आलं तेव्हा बंगल्याच्या मालकांनी सहज विचारलं, बाजूचा तुकडा कुणाचा आहे, विकतील का. माझ्या अंगात मामा संचारले असावेत. मी म्हणाले, "नाही विकणार, सर. इथलं कुणीच आता विकत नाही." बोलून मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. मामांचं काहीतरी फेडलं असं वाटलं.

दोन दिवसांनी मी फाटकाबाहेर ब्रश धूत होते, तर बाळूकाका काठी टेकत आले. फार थकलेले दिसले. वॉचमननं त्यांना सगळं सांगितलं होतं. "पोरी, कोनी इकत नाय म्हनून तू सांगितलंस सायबाला? कुनाला इचारलंस?" मी ब्रश पाण्यातच सोडला. "माझे गुडघे गेलेत. लावनीला मानूस मिळत नाय. पोरीला नर्सिंगला घालायचंय, ती रोज रडते घरात. आन तू ठरवनार, बाळूनं जमीन इकायची का नाय?"

मी म्हणाले, "चुकलं काका. मी सांगते साहेबांना."

"त्याला नाय द्यायची!" ते एकदम उसळले. "त्यानं आधीच हातभर खाल्लीय माझी. दुसरा कोनी येऊ दे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्या घराची रस्त्याकडची भिंत कोरी हाय. फ्लेक्स लावला तर वाऱ्यानं फाटतो. तुला पेंटरानं शिकवलंय, तुझं अक्षर त्याच्यासारखं हाय. तू लिवून दे ना बाय. प्लॉट विकणे आहे, एवढंच."

हिराकाकी म्हणाल्या होत्या, तुमी बोलला म्हनून कोनी इकली नाय, ते मला आठवलं. बाळूकाकांची पोर आठवली, जिला मी कधी पाहिलेलं नाही. आणि दादाला गमतीनं दोन शब्द बोलून जन्मभर जीव जाळून घेणारा माझा म्हातारा आठवला. हो म्हणावं तरी पाप आणि नाही म्हणावं तरी पाप, अशी जागा असते हे त्याला माहीत होतं आणि मला तो हट्ट वाटला होता. हे सगळं मनात चालू असतानाच, गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की सवयीनं निघतं तसं, माझ्या तोंडून निघून गेलं, "कुठल्या रंगात लिहू, काका?"

रविवारी जाऊन लिहून दिलं. भिंत आधी ठोकून बघितली, खरवडली, धुतली. बाळूकाका खाली शिडी धरून उभे होते. ते काहीबाही विचारत राहिले, पण मी वरून एक शब्द बोलले नाही. अक्षर सुंदर आलं, अगदी मामांसारखं, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.